काठाची रेघ : पवई तलावाभोवतीचा सायकल मार्ग आणि आमची पर्यायी आखणी

रविवार, १४ नोव्हेंबर २०२१

नोंदी आजपासून.

या महिन्याच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने पवई तलावाच्या काठचं सायकल ट्रॅकचं काम तूर्त थांबवायला सांगितलं. आयआयटीतल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी याचिका केली आहे. तेव्हापासून आमच्या सायकल गटात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, मुंबईत सायकलला जरा कुठे जागा मिळत होती, तीही गेली. बाकीच्यांचं म्हणणं, मगरींच्या अंगणातून सायकल न्यायची नाही म्हणजे नाही. मला दोन्ही बाजू आपल्याच वाटतात. मी चांदिवलीहून कांजुरमार्गला रोज सायकलने कामाला जाते. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर) ट्रेलर अंगाला घासून गेला की हँडल धरलेल्या हातांची थरथर ऑफिसात पोचेपर्यंत थांबत नाही. आणि माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. नदीला मगर आहे, पाण्याकडे पाठ करून कपडे धुवायचे नाहीत, हे ऐकतच मोठी झाले.

ठरलं ते असं. नुसता पाठिंबा नको, नुसता विरोध नको. आखणी करून बघायची. ट्रॅक कुठून जातो, किती जागा खातो, कुणाची खातो, आणि दुसरीकडून नेता येतो का. तिघे आहोत. मी, ऑटोकॅडवर नकाशे काढणारी. चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी सगळी नोकरी लेव्हल मशीन खांद्यावर घेऊन रस्त्यांच्या सर्व्हेत घालवली. आणि बी विंगमधली प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. कोर्टात काय व्हायचं ते होईल, त्यात आमचा हात नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

पहिली फेरी. दक्षिण काठाने, गणेशघाट ते आयआयटीकडची बाजू, जिथवर सगळे चालतात तिथवरच.

प्रकल्पाबद्दल जे माहीत आहे ते आधी लिहून ठेवते. सुमारे १० किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक. बांधणी गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्या करायच्या, त्यात दगड भरायचे, पेट्या एकावर एक रचायच्या. महापालिकेचं म्हणणं असं की यात काँक्रीट नाही, दगडांच्या फटींतून पाणी येतं-जातं, त्यामुळे तलावाला धोका नाही. पाण्यापुरतं बोलायचं तर हे खरं आहे. घाटातल्या दरडींना टेकू म्हणून मी स्वतः गॅबियनचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, काढलेत. पाणी अडत नाही, मागचा दाब कमी होतो, भिंत थोडी वाकली तरी कोसळत नाही. उत्तम वस्तू आहे.

काका रेलिंगला टेकून बराच वेळ समोर बघत होते. मग म्हणाले, "पाणी फटीतून जाईल गं. बाकी काय काय त्या फटीतून जाणार नाही, त्याची यादी कर."

विद्यार्थिनीने तिथेच वहीत यादी सुरू केली. मगर, कासव, पाणकोंबडीची पिल्लं, बेडूक (काही जातील, काही नाही). दोन ओळींनंतर ती थांबली आणि म्हणाली, "ताई, हे घरी बसून नीट करते."

रविवार, ५ डिसेंबर २०२१

बेस मॅप तयार. उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याची कड गिरवली, तिला समांतर ट्रॅकची मध्यरेषा टाकली, दर १०० मीटरला चेनेज, म्हणजे अंतराची खूण. दोन रात्री गेल्या. रेघ सुरेख आली होती, वळणंही मऊ.

काकांनी चष्मा वर करून शीट पाहिलं आणि विचारलं, "ही कुठल्या महिन्याची रेघ?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. चित्राची तारीख बघितली तर उन्हाळ्यातली. म्हणजे पाणी ओसरलेलं, काठ उघडा पडलेला. माझी मध्यरेषा बऱ्याच ठिकाणी अशा जमिनीवर होती जी पावसाळ्यात जमीन नसतेच. चौदा वर्षं नकाशे काढते आहे. नदीचा पूल असता तर पूररेषा पहिल्या दिवशी मागितली असती. तलाव म्हटल्यावर डोक्यात बशी आली, आणि बशीला एकच कड असते.

महापालिकेच्या माहितीप्रमाणे तलाव पूर्ण भरला की पाण्याचा पसारा सुमारे २.२३ चौरस किलोमीटर. पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटर. म्हणजे ज्या जमिनीवरून पाणी येतं तिच्या एक तृतीयांशाएवढा तर तलावच. काठ उथळ आहेत. पातळी जराशी खाली गेली तरी कड बरीच आत सरकते.

काकांनी जुन्या पद्धतीने समजावलं. कागदावर दोन रेघा, एक भरलेल्या तलावाची, एक मे महिन्यातली. मधला पट्टा पेन्सिलने करडा केला. "हे तळंही आहे आणि जमीनही आहे. कागदपत्रात त्याला एकच नाव देतात. जागेवर त्याला बारा महिने असतात."

जुनी लेयर पुसली नाही. गोठवून ठेवली, नाव दिलं : चूक_०१.

रविवार, १९ डिसेंबर २०२१

सकाळी सव्वासातला काठावर, दुर्बीण विद्यार्थिनीची. धुकं होतं. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर, त्यावर कमळपक्षी लांब बोटं पसरून चालत होते. अडई बदकांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला. जांभळा बगळा एकाच जागी उभा होता, आम्ही निघेपर्यंत तिथेच.

साडेनऊच्या सुमारास ऊन पलीकडच्या काठावर पडलं आणि तिथे मगर दिसली. आधी लाकूड वाटलं. मग दुर्बिणीत जबडा उघडा दिसला. अर्धं अंग मातीवर, शेपूट पाण्यात. हललीच नाही.

विद्यार्थिनीने सांगितलेलं इथे उतरवते, कारण माझ्या आखणीला हे लागणार आहे. मगरीच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. थंडीत रात्रभर गार पडलेलं शरीर तापवायला तिला उन्हात यावं लागतं. ते तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही. त्यासाठी लागतो तो मऊ उताराचा काठ, जिथून पोटावर सरकत वर येता येईल आणि जरा चाहूल लागली की सरळ पाण्यात घसरता येईल. जबडा उघडा ठेवते तो रागाने नाही, अंगातली उष्णता सांभाळायला.

पवईत आहे ती दलदलीतली मगर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. हा तलाव माणसाने बांधलाय, १८९० च्या सुमारास, मुंबईच्या पाण्यासाठी. ते पाणी फार काळ पिण्याजोगं राहिलं नाही. आता ते कारखान्यांना आणि आरे डेअरीला जातं. शहराने तलावाची तहान सोडून दिली, मगरीने तलाव सोडला नाही.

संध्याकाळी सेक्शन काढलं. पाणी, उतार, त्यावर गॅबियनच्या दोन पेट्या, वर ट्रॅक. मग त्याच मापात मगर काढून बघितली. पेटीचा उभा चेहरा आणि त्याच्यासमोर जमिनीलगतचं ते लांब अंग. सेक्शन बोलका असतो म्हणतात, ते आज पटलं.

रविवार, ९ जानेवारी २०२२

कोविडचे आकडे पुन्हा चढलेत. बाहेर जाणं नाही. काका खोकताहेत, त्यांनी दारातूनच शीट घेतलं. काम घरून.

आईचा फोन. काय करतेस विचारलं, सांगितलं. म्हणाली, "मगरीच्या वाटंत कशाला जाताय गं? रस्ता पडला नाही काय तुमच्या मुंबईला?"

रविवार, ३० जानेवारी २०२२

रुंदीचा हिशेब. हा कुणीच नीट मांडलेला बघितला नाही, म्हणून सविस्तर.

वर्तमानपत्रात ट्रॅक म्हणजे एक रेघ असते. इंडियन रोड काँग्रेसच्या जुन्या मानकात सायकल ट्रॅकची कमीत कमी रुंदी २ मीटर. पण इथे दोन्ही दिशांनी सायकली, शिवाय चालणारे आणि पळणारे. लहान मुलाला सायकल शिकवणारा बाप मागे धावत असणारच. मग पाण्याकडे कठडा, त्याच्या पायाची जागा. आतल्या बाजूला पावसाच्या पाण्याची गटार. दिव्यांचे खांब. मध्येमध्ये बसायला बाक, कारण बाक नसले तर लोक कठड्यावर बसतात. मी काटकसरीने धरलं तरी ६ मीटर झाले.

१० किलोमीटर गुणिले ६ मीटर म्हणजे ६ हेक्टर. हा माझा हिशेब आहे, प्रकल्पाचा नाही. पण रुंदी चारवर आणली तरी ४ हेक्टर होतात, आणि ते तलावाच्या मध्यातले नाहीत. मगर जिथे ऊन खाते, पाणकोंबडी जिथे लव्हाळ्यात शिरते, बेडूक जिथे अंडी घालतात, त्या करड्या पट्ट्यातले आहेत. २ चौरस किलोमीटरच्या तलावात ६ हेक्टर म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल. घराच्या क्षेत्रफळात उंबराही काहीच नसतो. तो बुजवला तर घरात शिरायचं कुठून?

दिव्यांचा विचार वेगळा करावा लागला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेचं रान इथून लांब नाही, आयआयटीच्या आवारात बिबट्या येऊन जातो. रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावराला काठाभोवती दिव्यांची माळ म्हणजे भिंतच. दिवे नको म्हणावं तर संध्याकाळी सातनंतर बायकांनी तिथे चालवायचं कसं? मी स्वतः चालवणार नाही. या गाठीला उत्तर सापडलं नाही. काठ सोडला तरच ती सुटते.

रविवार, २० फेब्रुवारी २०२२

सायकल गटाची बैठक, बिल्डिंगच्या गच्चीवर. शीट दाखवली. अडीच तास.

जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते, कारण समोरच्यांचे मुद्दे हलके नव्हते.

एक जण म्हणाला, तलावात वर्षानुवर्षं सांडपाणी जातंय. जलपर्णी त्यावरच माजते. तेव्हा मगर कुणाला आठवली नाही, सायकल आली की आठवली. मला उत्तर देता आलं ते एवढंच, की सांडपाणी थांबायलाच हवं आणि त्यासाठी मी सही करीन. पण आजाऱ्याला आधीच ताप आहे म्हणून त्याचं अंथरूणही काढून घ्यायचं का?

दुसरी, दोन मुलांची आई. तिचं बोलणं रात्रभर मनात राहिलं. ती म्हणाली, "माझ्या मुलांनी सायकल चालवायची कुठे ते सांग. बिल्डिंगमध्ये गाड्या लावलेल्या. रस्त्यावर ट्रेलर. बागेत बंदी. काठावर दहा किलोमीटर मोकळे मिळणार होते. तुला मगरीच्या पिल्लांची काळजी आहे, असू दे. माझ्या पिल्लांची कुणी करायची?"

यावर कुणी काही बोललं नाही. तिचं खरं आहे. ती मगरीच्या विरोधात बोलतच नव्हती. तिला जिथे जागा मिळायला हवी होती तिथे ती मिळाली नाही, म्हणून ती काठापर्यंत आली. आपण सगळेच तसे काठापर्यंत ढकलले गेलोय. पुढच्या कामाची दिशा या एका वाक्याने बदलली. काठ वाचवणारी आखणी पुरेशी नाही. तिच्या मुलांना रस्ता देणारी आखणी हवी.

काका शेवटी बोलले, तेही थोडंच. "हरकत घ्यायला ज्यांना तोंड नाही, त्यांच्या जागेतून आखणी पटकन मंजूर होते. मी नोकरीत हेच बघितलं."

रविवार, १३ मार्च २०२२

या महिन्यात काठावर जायचं नाही, असं विद्यार्थिनीने बजावलंय. अंड्यांचे दिवस आहेत.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी पाण्यापासून थोडं वर, जिथे पाणी चढणार नाही अशा मातीत खड्डा खणते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि वरून माती ओढते. मग आसपासच राहते. सुमारे दोन महिन्यांनी, पाऊस तोंडावर आला की आतून पिल्लांचा आवाज येतो. मादी माती उकरते, पिल्लं जबड्यात उचलून पाण्यापर्यंत नेते. जो जबडा आपण फक्त भीतीने बघतो, त्यातूनच.

मला ठाऊक नव्हतं ते पुढचं. नर होणार की मादी, हे अंड्यात ठरलेलं नसतं. मातीच्या तापमानावर ठरतं. ३१ अंशांपर्यंत माद्याच निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. दीड अंशाचा खेळ. आता त्या मातीवर दगडाची पेटी ठेवा, शेजारचं झुडूप काढा, वर पेव्हर ब्लॉक बसवा. एप्रिलच्या दुपारी पेव्हर ब्लॉकवर अनवाणी उभं राहून कुणीही बघावं. खड्ड्याला हातही न लावता आतलं घर बदलतं.

सेक्शनवर नवा पट्टा : भरलेल्या पातळीच्या वरचा, माती आणि झुडपांचा. काठावर ट्रॅक न्यायचा तर तो नेमका इथूनच न्यावा लागतो, कारण खाली पाणी आणि वर बांधलेलं शहर. ट्रॅकला आणि मादीला एकच जमीन पसंत पडते, आणि कारणही एकच. पाण्याजवळ, पण पाण्याच्या वर.

मागे एकदा काठावरून परत येताना पाड्याकडच्या एक मावशी भेटल्या, डोक्यावर सरपण. काय मोजताय विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "ती तिच्या जाग्यावर हाय तवर तुमचं-आमचं काय बिघडत नाय. जागा गेली की ती फिरंल. मंग तुमीच म्हनाल, मगर वस्तीत आली."

रविवार, १० एप्रिल २०२२

पर्यायी आखणी, शीट ३ आणि ४.

तलावाच्या दक्षिणेला आदि शंकराचार्य मार्ग आहेच, म्हणजे रोजचा जेव्हीएलआर. सध्या त्याच्या मधोमध मेट्रो ६ च्या खांबांचं काम, दोन्हीकडे बॅरिकेड. सगळे त्याला शिव्या देतात. मला त्यात संधी दिसते. खांब उभे राहिले, पत्रे निघाले की हा रस्ता पुन्हा करावाच लागणार. लेन पुन्हा आखाव्या लागणार, फूटपाथ पुन्हा बसवावे लागणार. त्या वेळी दोन्ही कडांना सायकलची उंचावलेली, कठड्याने वेगळी केलेली पट्टी घ्यायची. मेट्रोच्या स्थानकांशी जोडायची, म्हणजे ती फक्त रविवारच्या फेरफटक्याची राहणार नाही. आयआयटी, हिरानंदानी, चांदिवली, कांजुरमार्ग, सगळे रोजचे जाणारे तिच्यावर येतील. तलाव दिसेल, दोन-तीन ठिकाणी थांबायला सज्जे असतील, आत्ताचं चालायचं ठिकाण आहे त्याच हद्दीत. उरलेल्या काठाला हात नाही.

बाहेर पडून टेप धरला. फूटपाथची रुंदी दर पन्नास पावलांवर बदलते. कुठे झाडाचा पार, कुठे विजेचा डीपी बॉक्स, कुठे दोन चाकं फूटपाथवर चढवून उभ्या गाड्या. एका बाजूची पार्किंगची रांग काढली तर पट्टी बसते. नाही काढली तर बसत नाही. एवढी साधी गोष्ट आहे आणि अवघड आहे तीही एवढीच.

सायकलसाठी जागा शोधताना या शहराने कुठे कुठे बघितलं, ते एकत्र लिहून काढलं तेव्हा मन खट्टू झालं. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंड ते धारावी ३९ किलोमीटरचा ट्रॅक ठरला. त्या जलवाहिनीलगतच्या १० मीटरच्या पट्ट्यातल्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटल्या आणि कितीतरी कुटुंबं माहुलच्या रासायनिक कारखान्यांशेजारी जाऊन पडली. जलवाहिनीची सुरक्षा हे कारण खरं होतं, मान्य. पण रिकामी झालेली जागा सायकलला मिळाली. आणि आता तलावाचा काठ. मोटारीकडून हातभर जागा मागायची वेळ आली की मात्र रस्ता अरुंद असतो. एकदा मागितली होती. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये ट्रॅक झाला, आणि बघता बघता त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या.

मी सायकलवाली आहे म्हणूनच हे मला बोचतं. मला मिळणारी जागा कुणाच्या पोटावर पाय देऊन आलेली नको.

शुक्रवार, ६ मे २०२२

निकाल आला. ऑफिसात असताना फोनवर वाचला, मग जेवणाच्या सुट्टीत परत.

मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सायकल ट्रॅकचं काम बेकायदा ठरवलं. तलावात भराव घालायला आणि काठावर बांधकाम करायला मनाई. झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायची.

मला सर्वांत जास्त कुतूहल होतं ते एका मुद्द्याचं. २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे पाणथळ धरलेले नाहीत. महापालिकेचा युक्तिवाद हाच होता, की पवई माणसाने बांधलेला, म्हणून नियम लागू नाहीत. तो टिकला नाही. देशातल्या नोंद झालेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे, त्याच्या आधाराने पवईला कवच मिळालं.

डोळे भरून आले. कारण त्या दोन विद्यार्थ्यांचं वय.

रविवार, ८ मे २०२२

गटाच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आणि त्याखाली कडवट उत्तरं. मी दोन्हींवर काही लिहिलं नाही. बैठकीतल्या त्या दोन मुलांच्या आईला फोन केला. म्हटलं, शीट ३ आणि ४ बघायला ये. आली. मुलंही आली. धाकट्याने जेव्हीएलआरच्या नकाशावर बोट फिरवत घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता शोधला आणि विचारलं, "इथे मला एकट्याला सोडशील?" ती म्हणाली, "कठडा असेल तर सोडीन."

शीट ४ वर टीप वाढवली : कठडा अखंड हवा, पेंटची पट्टी चालणार नाही. पेंटने आखलेल्या लेनमध्ये सहा वर्षांच्या मुलाला कुणी सोडत नाही.

आणखी एक विचार. निकालात जागा पूर्ववत करा म्हटलंय. गॅबियन उचलायला जड यंत्र लागतं, आणि मे महिना आहे, मातीत अंडी असतील. काढण्याचं कामही महिना बघूनच व्हायला हवं. हे वेगळ्या कागदावर लिहून निवेदनाला जोडलं.

रविवार, १२ जून २०२२

निवेदन, चार शीट, दोन सेक्शन, करड्या पट्ट्याचा महिनावार तक्ता. प्रत दिली, पोच घेतली. शिक्का पुसट आला म्हणून काकांनी दुसऱ्यांदा मारून घेतला. त्यांच्या नोकरीतली सवय.

पाऊस अजून धड नाही.

रविवार, १० जुलै २०२२

या आठवड्यात तलाव भरून वाहू लागला. ५४५ कोटी लिटर. आम्ही तिघे आणि त्या दोघा मुलांना घेऊन दक्षिण काठावर गेलो. पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी.

टॅबवर चूक_०१ उघडली आणि समोरच्या पाण्याशी ताडून बघितली. माझी डिसेंबरची मध्यरेषा, ती सुरेख मऊ वळणं, सगळी पाण्याखाली. जिथे मी चेनेज लिहिले होते तिथे अडई तरंगत होत्या.

थोरल्याने विचारलं, मगर कुठेय. विद्यार्थिनी म्हणाली, आज दिसणार नाही, तिची पिल्लं आता पाण्यात असतील आणि ती त्यांच्याजवळ असेल. मुलं तरीही अर्धा तास बघत उभी राहिली. सांडव्यावरून गेलेलं पाणी मिठी नदीत जातं, हे काकांनी त्यांना सांगितलं. मिठी इथूनच सुरू होते, विहार आणि पवईच्या ओसंडलेल्या पाण्यातून. धाकट्याला ते खरं वाटेना. त्याला मिठी म्हणजे बातम्यांतली पुराची नदीच माहीत.

रविवार, १८ मे २०२५

जवळजवळ तीन वर्षांनी ही फाइल उघडली. काका आता जिने उतरत नाहीत, शीट त्यांच्याकडे नेऊन दाखवते. विद्यार्थिनी उभयचरांवर काम करते, दुसऱ्या शहरात.

बातमी अशी की वांद्रे-कुर्ला संकुलातले सायकल ट्रॅक उखडून तिथे मोटारींसाठी जादा लेन करायची आहे. पवईहून निघालेली मिठी त्या संकुलाला वळसा घालून माहीमच्या खाडीत जाते. नदीच्या या टोकाला सायकलसाठी तलावाचा काठ पुरेसा रुंद होता. त्या टोकाला मोटारीसाठी सायकलची पट्टी जादा ठरली. काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझं शीट ४ जुनं झालं. मेट्रोचे खांब आता जागेवर आहेत, त्यांची खरी मापं घे."

त्यांचं बरोबर आहे. शीट ४ वरचे खांब मी तेव्हा अंदाजाने टाकले होते. आता प्रत्यक्ष उभे आहेत, त्यांच्यापासून कडेपर्यंत किती उरतं ते टेपने कळेल. पत्रे निघायच्या आत मापं हातात हवीत.

त्या दोन मुलांतला थोरला आता नववीत जाईल. टेपचं दुसरं टोक धरायला येतो म्हणालाय. पुढच्या रविवारी सकाळी सहाला, गांधीनगर जंक्शनपासून सुरुवात. पाऊस लवकर येणार म्हणतात, म्हणून पिशवीत प्लॅस्टिकचा कागद आणि दोन पेन्सिली जास्तीच्या.